साठावा दिवा

रात्री अडीच-तीनच्या सुमाराला आईच्या खोलीतून हाक यायची, "किती वाजले गं?" मी उठून घड्याळ बघून सांगायचे. ती "बरं" म्हणून कूस बदलायची. साडेचारला पुन्हा तीच हाक.

तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर घड्याळ होतंच. पण वयामुळे आईच्या नेत्रपटलाचा मधला भाग झिजला आहे. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग येतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. घड्याळाचे बारीक काळे काटे त्या डागात हरवून जातात. मोठ्या लाल आकड्यांचं डिजिटल घड्याळ आणून पाहिलं, तर तिला ३, ८ आणि ९ सारखेच दिसत. मग बोलणारं घड्याळ आणलं. ते दर तासाला, रात्रीसुद्धा, न चुकता बोलायचं. चौथ्या दिवशी ते कपाटात साड्यांच्या खाली सापडलं. "मेलं विचारल्याशिवाय बोलतं," एवढंच आई म्हणाली.

"मग तुला दिसतं तरी काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"उजेड दिसतो. रंग कळतो. उजेड कुठल्या अंगाला आहे तेही कळतं."

पुढे वर्षभर खपून मी जे घड्याळ केलं, त्याचा सगळा आराखडा या तीन वाक्यांत होता. मला मात्र तो फार उशिरा कळला.

*

घड्याळ घरी करायची कल्पना भाच्याची. त्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नुकताच संपला होता आणि कॉलेजच्या प्रोजेक्टांचं उरलंसुरलं सामान बुटांच्या खोक्यात पडून होतं. "मावशी, साठ दिव्यांची रिंग घे. एक दिवा म्हणजे एक मिनिट. तास लाल, मिनिट निळं. आजीला काटा शोधायलाच नको." खोक्यातून त्याने एक निळसर पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. ती होती आर्डुइनो उनो. इटलीतल्या इव्रिया गावात २००५ साली डिझाइनच्या विद्यार्थ्यांना हाताळता यावं म्हणून हे आर्डुइनो प्रकरण सुरू झालं. गावातल्या ज्या बारमध्ये ही मंडळी जमायची, त्याचंच नाव त्यांनी बोर्डाला दिलं. उनोच्या मेंदूला स्मृती फक्त दोन किलोबाइट. साठ दिव्यांचे रंग लक्षात ठेवायला त्यातले एकशे ऐंशी बाइट लागतात, म्हणजे जागा पुरून उरते.

रिंग आणायला तापकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्याचं विजेच्या सामानाचं कोठार. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तिथे पाय ठेवायला जागा नसते. डोक्यावर माळा, पायांत वायरची भेंडोळी, आणि प्रत्येक दुकानासमोर कुणीतरी "ही पेटवून दाखवा हो" म्हणत उभं. दुकानदारकाकांना मी पाच व्होल्टची पिक्सेल रिंग मागितली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "डेकोरेशनला की प्रोजेक्टला?"

"घड्याळाला."

"म्हणजे प्रोजेक्टला," असं म्हणून त्यांनी मागच्या फळीवरचा डबा काढला.

या एका प्रश्नात त्यांचं वर्षाचं गणित होतं. गणपतीत मंडळांच्या देखाव्यांवर रंगांच्या लाटा पळतात, तोरणांवर मोर पिसारा फुलवतो, त्या माळांमध्ये याच जातीच्या चिपा असतात. सणांत हा माल डेकोरेशनवाले नेतात, आणि परीक्षा जवळ आल्या की इंजिनिअरिंगची पोरं. माझ्यासारखी मधल्या वयाची बाई क्वचित. "पॉवर नीट द्या, मॅडम," काका पैसे परत देताना म्हणाले. "लोक रिंग चांगली घेतात आणि मोबाइलच्या चार्जरवर चालवतात. मग आमच्या नावाने बोंबलतात."

साठाची अखंड रिंग त्यांच्याकडे नव्हती. पंधरा-पंधरा दिव्यांचे चार तुकडे होते, ते एकमेकांना सोल्डर करून वर्तुळ पुरं करायचं होतं. सोबत चोवीस दिव्यांची एक छोटी रिंग मिळाली. दिवसाचे तास चोवीस, कुठेतरी उपयोगी पडेल म्हणून तीही घेतली. पाच व्होल्ट, चार अँपिअरचा एसएमपीएस, एक हजार मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, ४७० ओहमचा रेझिस्टर, सोल्डरची वायर आणि फ्लक्सची डबी, एवढं पिशवीत टाकून घरी आले.

*

या दिव्याचं नाव डब्ल्यूएस२८१२बी. वर्ल्डसेमी नावाच्या चिनी कंपनीने तो बाजारात आणला. पाच मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद, पांढऱ्या चौकोनी वाटीसारखा. घड्याळजीच्या भिंगातून बघितलं की त्या वाटीच्या तळाशी लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाचे तीन कण दिसतात, आणि त्यांच्या शेजारी काळसर चिप. चिपेपासून कणांपर्यंत केसाहून बारीक सोनेरी तारा गेलेल्या. या तिघांत निळा सगळ्यांत धाकटा. लाल एलईडी निक होलोन्याकने १९६२ मध्ये दाखवला, पण लख्ख निळ्यासाठी पुढे तीस वर्षं झगडावं लागलं. तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा नसता, तर पडद्यावरचा पांढरा नाही आणि तापकीर गल्लीतला मोरही नाही.

या दिव्यांना 'ॲड्रेसेबल' म्हणतात, म्हणजे हवा तो दिवा नेमका गाठता येतो. गंमत अशी, की एकाही दिव्याला पत्ता नसतो. जुन्या चाळीतला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पोस्टमन साठही घरांचा गठ्ठा पहिल्या खोलीत देऊन निघून जातो. पाकिटांवर नावं नाहीत. नियम एवढाच, की वरचं पाकीट आपलं, उरलेला गठ्ठा पुढच्या दारात द्यायचा. पहिला दिवा पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले पुढे सोडतो. दुसरा त्यातले २४ ठेवतो. असं करत साठाव्यापर्यंत त्याचं पाकीट पोचतं. मग तार क्षणभर गप्प झाली, की सगळे एकदम आपापली पाकिटं फोडतात आणि त्या रंगात उजळतात. दिव्याचा क्रमांक म्हणजे रांगेतली त्याची जागा, बस.

एक बिट पोचवायला सव्वा मायक्रोसेकंद लागतो. त्यात तार ०.४ मायक्रोसेकंद वर राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक. साठ दिव्यांचे १,४४० बिट जायला १.८ मिलिसेकंद लागतात. हा आकडा लक्षात असू द्या, कारण पुढे याच आकड्याने माझी झोप उडवली.

सोल्डरिंगला एक अख्खा रविवार गेला. प्रत्येक तुकड्यावर बारीक बाण असतो, डेटा कुठून कुठे जातो ते दाखवणारा. बाण बघून चारही तुकडे जोडले. पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांची वर्तुळं पुरी करायला हरकत नसते, उलट फायदाच होतो. वीज एकाच टोकातून गेली, की दूरच्या दिव्यांपर्यंत व्होल्टेज घटतं. हिरव्या-निळ्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्यामुळे तिकडचा पांढरा पिवळट दिसतो. डेटाचं वर्तुळ मात्र पुरं करायचं नाही. साठाव्या दिव्याचं तोंड मोकळंच सोडायचं. त्याच्यापुढे दार नाही.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा तीस दिवे लागले आणि एकतिसाव्यापासून पुढे काळोख. भाच्याने मल्टिमीटर लावून जोड तपासले. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या मधे, डेटा आणि ग्राउंड या दोन पॅडांना चिकटून, मोहरीएवढा सोल्डरचा मणी बसला होता. सगळा गठ्ठा तिथे जमिनीत मुरत होता.

तो मणी चिमट्यात धरून बघताना मला लीलावती आठवली. भास्कराचार्यांनी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र पाण्यावर ठेवलं, ते बघायला ती वाकली, तिच्या अलंकारातला मोती पात्रात पडून भोकात अडकला, पात्र बुडलंच नाही आणि मुहूर्त टळला, अशी ती दंतकथा. फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला, त्यात ती सांगितलेली आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्याकडे चाळीसगावजवळ पाटण इथे आहे, सन १२०७ चा. दंतकथा खरी असो-नसो, ती रचणाऱ्याला घड्याळं माहीत होती. घड्याळ बिघडतं ते नेहमी अशाच मोहरीएवढ्या कारणाने.

मणी काढला आणि साठही दिवे लागले. तासाचा काटा मात्र लालऐवजी हिरवा. हा दिवा आधी हिरवा, मग लाल, मग निळा या क्रमाने रंग वाचतो, आणि आम्ही लाल आधी लिहिला होता. क्रम बदलला, लाल आला. आईला हाताला धरून आणलं. तिने रिंगच्या मधोमध नजर लावली आणि थोडा वेळ तशीच राहिली. "दिसतंय की," ती म्हणाली. "लाल वरती आहे. निळं उजवीकडे." तिच्या डोळ्यातला डाग रिंगच्या मधल्या रिकाम्या जागेत पडत होता आणि दिवे कडेने दिसत होते. आम्ही हे ठरवून केलेलं नव्हतं.

*

संध्याकाळी सहाला फोनवरून वेळ लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला घड्याळात पावणेसहालाही थोडा अवकाश होता.

तासाला जवळजवळ दीड मिनिट मागे! माझ्या लग्नात आलेलं किल्लीचं घड्याळही इतकं वाईट चालत नव्हतं. भाच्याने आधी प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग एसएमपीएसवर, शेवटी माझ्यावर. मी दिवसभर वहीत नोंदी केल्या. त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. दुपारी मी घड्याळ नुसतं चालू ठेवून रिंगची तार काढली होती. त्या दोन तासांत वेळ जवळजवळ बिनचूक होती. रिंग जोडली की पुन्हा मागे.

उत्तर त्या १.८ मिलिसेकंदांत होतं. पाकिटांचा गठ्ठा पाठवताना वेळेची काटेकोर शिस्त लागते. मधे कुणी हटकलं तर शून्याचा एक होईल. म्हणून उनो तेवढ्यापुरते कान बंद करून घेतो. पण त्याच्या पोटात एक टायमर असतो, तो दर १.०२४ मिलिसेकंदाला दारावर टकटक करतो, "एक ठोका झाला, लिहून ठेव." कान बंद असताना एक टकटक झाली, तर ती थोपवून ठेवता येते आणि मागाहून लिहिता येते. त्याच वेळात दुसरी झाली, तर ती कायमची गेली. दर खेपेला सरासरी पाऊण मिलिसेकंद बुडत होता. सेकंदाचा ठिपका एका दिव्यावरून दुसऱ्यावर अलगद सरकावा, म्हणून आम्ही सेकंदाला तीस वेळा रिंग रंगवत होतो. पाऊण मिलिसेकंद गुणिले तीस, गुणिले तीन हजार सहाशे. उत्तर येतं ८० सेकंदांच्या वर.

म्हणजे घड्याळ जितकं देखणं केलं, तितकं ते मागे पडत होतं. वेळ दाखवण्यात गुंतलं, की मोजायचं विसरत होतं. प्रयोग म्हणून सेकंदाला एकदाच रंगवून पाहिलं, तर घाटा तासाला तीन सेकंदांवर आला, पण सरकणारा ठिपका उड्या मारायला लागला.

वेळ राखणं आणि वेळ दाखवणं ही दोन कामं वेगळी आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर अशा रीतीने कळलं. एरवी भिंतीवरच्या घड्याळात ती इतकी एकजीव असतात, की शंकाही येत नाही. जुन्या लोकांनी मात्र ती वेगळीच ठेवली होती. लग्नघरात घटिकापात्र वेळ राखायचं आणि घटका भरल्याची हाक गुरुजी द्यायचे. ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभारली, ती आकाशाचे वेध घेऊन वेळ राखण्यासाठी. बंदरातल्या जहाजांना ती वेळ कळवणं हे वेगळं काम होतं.

*

मग आम्हीही वाटणी केली. वेळ राखायला डीएस३२३१ नावाची चिप आणली. क्वार्ट्झचा इवलासा चिमटा तिच्या पोटातच असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगाच नाही. दोनाचा पंधरावा घात आहे तो. पंधरा वेळा निम्मा करत गेलं, की बरोबर सेकंदाचा एक ठोका हाती येतो. पण क्वार्ट्झला पंचविसाच्या आसपासचं तापमान मानवतं. चाळिशीच्या उन्हाळ्यात साधा क्वार्ट्झ दिवसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडतो, महिन्याला वीसेक सेकंद. डीएस३२३१ दर ६४ सेकंदांनी स्वतःचं अंग चाचपून ताप बघते आणि तेवढी दुरुस्ती करते. शून्य ते चाळीस अंशांत तिची चूक वर्षाला मिनिटभर. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवते. स्वस्तातल्या बऱ्याच मॉड्यूलांवर सेल चार्ज करणारी जोडणी असते, आणि आपण त्यात बसवतो तो सीआर२०३२ हा चार्ज न होणारा सेल. तो फुगू शकतो. भाच्याने त्या जोडणीतला रेझिस्टर आधीच काढून टाकला.

दाखवण्याच्या कामावर उनोच्या जागी ईएसपी३२ आला. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या या चिपेत वायफाय आहे, आणि दिव्यांना संदेश धाडायला वेगळा कारकून आहे, त्यामुळे मेंदूचे कान उघडे राहतात. अडचण एकच. हा बोलतो ३.३ व्होल्टमध्ये, आणि पाच व्होल्टवरच्या दिव्याला 'एक' ऐकू यायला निदान साडेतीन लागतात. कधी ऐकू येई, कधी नाही. मधेच एखादा दिवा जांभळा व्हायचा. आवाज चढवायला ७४एचसीटी१२५ ही जुनी, साधी चिप मधे बसवली आणि तंटा मिटला.

दिवे चालवायला फास्टएलईडी ही लायब्ररी घेतली. जगभरचे हौशी लोक ती फुकट वापरतात. तिचे कर्ते डॅनियल गार्सिया आणि मार्क क्रीग्समन. गार्सिया २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एका बोटीला लागलेल्या आगीत गेले. प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिताना भाच्याने हे सांगितलं, आणि मग दोघंही काही वेळ काही बोललो नाही.

वायफाय असल्यामुळे घड्याळ आता आपली वेळ बाहेर विचारून घेतं. त्या विचारपुशीची रीत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमाराला बसवली. आमच्या लहानपणी वाड्यात हेच व्हायचं. घरात घड्याळ नाही, म्हणून पोराला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळायचं. पोरगं येऊन सांगणार, "सात वाजले." शहाणी आजी जाऊन-येऊन लागलेल्या वेळातला निम्मा त्यात मिळवायची. संदेश कधी निघाला, तिकडे कधी पोचला, तिकडून कधी निघाला आणि परत कधी आला, या चार नोंदी घेऊन ईएसपी३२ तेच करतो. भारताची प्रमाणवेळ राखतात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली सीझियमची घड्याळं. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं. आईच्या पलंगासमोरची रिंग त्या अणूंच्या ठोक्याशी जोडली गेली, तेव्हा मी सगळ्या खटाटोपावर खूश झाले.

आई झाली नाही. रात्री तीननंतर हाक आली, "किती वाजले गं?"

*

"अगं, समोर दिसतंय ना?"

"दिसतंय. लाल उजवीकडे, निळं खाली. म्हणजे तीन वाजून गेले. पण उजाडायला किती अवकाश आहे?"

मी अंधारात उभी राहिले. इतके महिने ती विचारत होती "किती वाजले", आणि मी तिला वाजलेले सांगत होते. तिला हवी होती उरलेली रात्र. दिवाळीत सूर्य साडेसहाला उगवतो, जूनमध्ये सहाच्या आसपास. ती वजाबाकी तिने रोज रात्री अंथरुणात पडून का करावी?

दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. तिचे वडील पंचांगावर दिवस मोजायचे. दिवस सूर्योदयाला सुरू होतो, मध्यरात्री नाही. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. "तुमचे बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर असतो का कधी?" तिने विचारलं. नसतो. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची. पुणं त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंश, म्हणून सूर्य सरासरी पस्तीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. १९०६ मध्ये ही वेळ आली, तेव्हा मुंबईकरांनी आपल्या चाळीस मिनिटांच्या आसपासच्या फरकासाठी केवढा वाद घातला! 'बॉम्बे टाइम' पुढे कित्येक दशकं तगून राहिला. सरकारी वेळ गाड्यांसाठी, आपली वेळ उन्हासाठी, हे भांडण आईच्या डोक्यात अजून मिटलेलं नव्हतं.

साठ घटका. आणि भिंतीवर साठ दिवे.

मी कागद घेतला. दिवसाची मिनिटं १,४४०, भागिले साठ, घटका चोवीस मिनिटांची. पळ चोवीस सेकंदांचं. आणि कपाटात चोवीस दिव्यांची ती छोटी रिंग पडून होती. सेकंदाला एक दिवा सरकवला, तर तिचा एक फेरा म्हणजे बरोबर एक पळ. असे साठ फेरे झाले, की मोठ्या रिंगवर एक दिवा भरायचा. तापकीर गल्लीत मी चुकीच्या कारणाने बरोबर वस्तू घेतली होती.

खात्री करायला आमच्या ओळखीच्या गुरुजींकडे गेले. लग्न लावताना मांडायचं त्यांचं घटिकापात्र अजून आहे. अर्ध्या नारळाएवढी तांब्याची पातळ वाटी, तळाला सुईच्या टोकाएवढं छिद्र. घंगाळात पाणी घेऊन त्यांनी ती तरंगत ठेवली. छिद्रातून पाण्याचा बारीक कोंब वर येत राहिला. आम्ही चहा घेतला, मुलांची चौकशी झाली, आणि मधेच 'डुब्' असा आवाज होऊन वाटी तळाला गेली. मी फोनवर बघितलं. चोवीस मिनिटांना काही सेकंद कमी. "छिद्र झिजतं हो," गुरुजी म्हणाले, "शंभर वर्षं पाणी जातंय त्यातून." माझ्या घड्याळाचं ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, "मग छप्पन्न दिवे भरले की अरुणोदय समजा. सूर्योदयाच्या आधीच्या चार घटका. घरातली बाई तेव्हा उठायची."

पुण्याचे अक्षांश-रेखांश देऊन रोजचा सूर्योदय काढायचं गणित भाच्याने प्रोग्रॅममध्ये घातलं. सूर्य उगवला की रिंग रिकामी. मग दर चोवीस मिनिटांनी एक दिवा, वरपासून उजवीकडे, भरत जायचा. दिवसा पांढरा, सूर्य मावळला की मंद तांबडा, म्हणजे झोप मोडत नाही. उजेड फार खाली आणला, कारण साठही दिवे पूर्ण पांढरे केले, तर साडेतीन अँपिअरच्या वर वीज ओढतात. दुकानदारकाकांचा एसएमपीएस तेवढं देऊ शकला असता, पण आईचे डोळे दिपले असते. विझलेला दिवासुद्धा मिलिअँपिअरभर वीज खात असतो, अंधारात जागा असल्यासारखा.

घटकांच्या घड्याळात काटा नाही, आकडा नाही. आहे फक्त भरत गेलेला उजेड आणि उरलेला अंधार. आईला नेमकं तेवढंच दिसतं.

*

ते घड्याळ लावलं दसऱ्याला. पहिल्या दोन रात्री मीच सवयीने तीनला जागी झाले. हाक आली नाही. दार किलकिलं करून बघितलं, तर आई जागी होती, रिंगकडे तोंड करून. डावीकडे वरच्या अंगाला आठ-नऊ दिव्यांची काळी खाच होती. तिने ती बघितली, पांघरूण वर ओढलं आणि डोळे मिटले.

माझं घड्याळ अजून बिनचूक नाही. वीज गेली की पुन्हा पेटायला त्याला दहा सेकंद लागतात, आणि चौथ्या तुकड्यातला एक दिवा निळा दाखवत नाही. तो तांबड्या रात्रीत खपून जातो. भाच्याला नोकरी लागली. तो म्हणतो, असंच घड्याळ विकायला करू. मी म्हणते, आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावं लागेल, की तुम्ही वेळ विचारता तेव्हा नेमकं काय विचारता?

नरकचतुर्दशीला मी पाचचा गजर लावला होता आणि तो बंद करून पुन्हा झोपले. उटण्याची वाटी ओट्यावर होती, पाट मांडलेला होता, पाणी तापायचं होतं. पाच वाजून वीस मिनिटांनी आईच्या खोलीतून हाक आली. सवयीने मी "पाच वीस" म्हणणार होते.

"अगं, उठा," ती म्हणाली. "बोटभरच अंधार राहिलाय."